बाळ्या, ती पुडी पेरू नकोस

संगमनेर, 3 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन उचलला नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढचं वाच. तब्येत बरी, गुडघा जुनाच.

शिमग्याला तुला दिलेली आईच्या दुध्याची पुडी पेरू नकोस. पेरली असलीस तर एव्हाना कळलंच असेल. आईचा दुधी कसा, बुटका, घागरीसारखा. यंदा एकाचं बूड घागरीचं आणि मान बाजारातली, दुसरा हातभर सरळसोट. वेल सहा, तऱ्हा चार!

चूक माझीच. गेल्या साली भिंतीपलीकडे हायब्रीड दुधी होता. दुध्याचं फूल उमलतं संध्याकाळी, नर वेगळं, मादी वेगळी. पतंगांना कसली भिंत? आणि लबाडी अशी, की त्या वर्षीचं फळ अगदी आईच्याच वळणाचं. भेसळ आत, बियांत. मी शहाण्यासारखा तो वेलीवर खुळखुळ वाजेपर्यंत वाळवला, बी राखेत घोळवलं आणि ऐटीत तुला दिलं. दुपारी कळ्यांना दोरा बांधायचा, संध्याकाळी सोडून नर मादीवर फिरवायचा, मादी परत बांधायची. एवढंच तर होतं. आईनं कधी दोरा बांधला नाही रे. पण तेव्हा अख्ख्या आळीत तोच दुधी होता.

ही म्हणते, आपल्याच जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरेंना गावरान बी जपल्याबद्दल 2020 ची पद्मश्री मिळाली, तुम्हाला एक वेल सांभाळता येईना. बोलायची सोय नाही.

आता कामाचं. आईनं शेवटच्या वर्षी वहिनींच्या हातात बी ठेवलं होतं. तू म्हणालास, “बाजारात पाकीट मिळतं की,” आणि आपण चार महिने बोललो नाही. ते तू पेरलं नसणार. तुझ्या आळसाचे आयुष्यात पहिल्यांदा उपकार मानीन. पाच वर्षं झाली, पण कोरडं राहिलं असेल तर थोडं तरी उगवेल. वहिनींनाच विचार. मसाल्याचे जुने डबे बघा, देव्हाऱ्याखालचा खण बघा.

प्रमोशनचं कळलं, अभिनंदन. पिंकीची यंदा बारावी ना?

बी सापडलं तर कुरियर करू नकोस, मीच येतो.

तुझा,
सुऱ्या

ता. क. यंदाचा भेसळ दुधी चवीला बरा लागतो. हिला सांगू नकोस.