कणकुंबीची मालकी राने वेळेत विकत घ्या

मा. संपादक,

बेळगाव जिल्ह्यातील भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, तरी जांबोटी-कणकुंबी भागातील कितीतरी मालकी राने (खासगी मालकीची जंगले) त्याबाहेरच आहेत. २०२० मध्ये कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातील ७९ अ व ७९ ब ही कलमे वगळल्यापासून शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येते. त्यामुळे कणकुंबीतील मलप्रभा नदीच्या उगमालगतचा एखादा उतार विक्रीला निघाला, तर भूसंपादनाची फाईल हलेपर्यंत तिथे रिसॉर्टचे कुंपण पडायचे. अडचणीतला मालक वर्षानुवर्षे थांबणार कसा? (त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.) म्हणून लोकवर्गणी व सरकारी अनुदानातून कायमचा निधी उभारावा, त्यातून मालकाला तत्काळ रास्त भाव द्यावा आणि पुढे वनखात्याने ती रक्कम निधीला परत करून जमीन राखीव वनात घ्यावी, म्हणजे तोच पैसा पुढच्या रानासाठी वापरता येईल.

– एक वाचक, खानापूर