कॉर्डोबा दोन तासांत होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला स्पेनच्या टूरवरचा लेख वाचला, फोटो तर फारच छान होते, पण कॉर्डोबा दोन तासांत उरकून सेव्हिलला निघावं असं त्यात लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मीही पहिल्यांदा ग्रुप टूरमधून असाच गेलो होतो. गाइडच्या मागे पळत मेस्किता म्हणजे तिथली जुनी मशीद पाऊण तास, मग आईस्क्रीम, मग बस. लाल-पांढऱ्या कमानी होत्या एवढंच लक्षात राहिलं. गेल्या वर्षी मुलीकडे माद्रिदला होतो तेव्हा सकाळची फास्ट ट्रेन धरून एकटाच गेलो, पावणेदोन तासांचा तर प्रवास, आणि अख्खा दिवस त्या गावाला दिला.

माझं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं त्यामुळे मी आधी खांबच बघत बसलो. आज आत 856 खांब आहेत. तिथल्या मुस्लिम राजानं, पहिल्या अब्दुर्रहमाननं, 785 च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हाचे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुसलमानांच्या आधी तिथे राज्य करणारे लोक) इमारतींमधून काढून आणलेले, कुणी गुलाबी कुणी काळपट, माथ्यावरची नक्षीही एकसारखी नाही. आता एवढ्या मोठ्या हॉलला हे खांब बुटके पडणार, छत डोक्यावर आल्यासारखं वाटणार, मग त्यांनी काय केलं तर खांबावर दगडाचा आणखी एक खांब चढवला आणि कमानी एकावर एक अशा दोन घेतल्या, वरची अर्धगोल ती छताचं वजन घेते आणि खालची घोड्याच्या नालेसारखी ती खांबांना हलू देत नाही. लाल पट्टा विटेचा, पांढरा दगडाचा. हे कळल्यावर मी परत पहिल्या रांगेपासून बघायला सुरुवात केली!

पुढे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या हकमनं दक्षिणेकडे वाढवून तो सोन्याच्या मोझेइकचा मेहराब, म्हणजे नमाजाच्या भिंतीतला कोनाडा, केला. मग 987 च्या सुमारास राज्याचा कारभार बघणाऱ्या अल्-मन्सूरला अजून वाढवायचं होतं पण दक्षिणेला नदी आडवी आली, म्हणून पूर्वेकडे वाढवलं, त्यामुळे मेहराब आता मधोमध राहिलेला नाही. आणि त्या भागातले लाल पट्टे जवळून बघा, वीट नाहीच, सगळा दगड आहे आणि वरून रंग दिलाय. हे ग्रुपबरोबर धावताना कुणाला दिसणार?

1236 मध्ये शहर ख्रिश्चन राजाकडे गेलं आणि 1523 पासून मशिदीच्या बरोबर मधे कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च घुसवायला घेतलं. गावच्या कौन्सिलनं तर तिथे काम करणाऱ्याला मृत्युदंड देऊ असं जाहीर केलं होतं, पण त्या वेळच्या राजानं बिशपची बाजू घेतली. काम 1607 पर्यंत चाललं. तेच कॅथेड्रल दुसरीकडे असतं तर मी सुंदरच म्हटलं असतं, तिथे मात्र काढून टाकलेले खांबच मनात येत राहतात. बाहेरचा घंटेचा मनोरा बघतानाही हेच, त्याच्या पोटात जुना मिनार आहे.

दुपारी ज्यू वस्तीतल्या गल्ल्यांत फिरलो. 1315 चं छोटंसं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आपल्या हॉलएवढंच असेल, पण भिंतींवरच्या चुन्यातल्या नक्षीत हिब्रू अक्षरं अजून दिसतात. माझ्या मागून एक ग्रुप आला, फोटो काढले, गेला, मी तोवर एकच भिंत बघत होतो. संध्याकाळी रोमन पुलावर गेलो, पलीकडच्या टोकाला जाऊन मागे वळून पाहिलं की नदी, पूल आणि मेस्किता एकत्र दिसतात.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा लेखात कॉर्डोबाला निदान एक रात्र मुक्काम करा असं जरूर छापा. सकाळी दार उघडल्याबरोबर आत गेलात तर गर्दी यायच्या आधी तासभर तरी खांबांमधून शांतपणे फिरता येतं.

आपला,
एक वाचक, ठाणे