रोल-प्लेइंग खेळणाऱ्या मुलांना वाचनालयात जागा मिळावी

महोदय,

सिंधुदुर्गातील आमच्या तालुक्याच्या गावी सात-आठ तरुण-तरुणी रविवारी दुपारी एकत्र जमून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग, म्हणजे पात्र बनून कथा पुढे नेण्याचा, खेळ खेळतात. माझी मुलगी त्यांच्यात आहे. या मुलांनी एका सार्वजनिक वाचनालयाकडे वापरात नसलेली खोली मागितली, तेव्हा फासे टाकायचे म्हणजे जुगारच, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. हा समज दूर व्हावा, म्हणून हे पत्र.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला आणि अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेला हा खेळ पैसे लावून खेळला जात नाही आणि त्यात कोणी कोणाला हरवायचे नसते. डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, प्रसंग उभा करतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रे घेऊन पुढे काय करायचे ते आपसांत बोलून ठरवतात, आणि बेत साधला की फसला याचा निर्णय बहुधा वीस बाजूंच्या फाशावर होतो. आख्यान ठरलेले, पण संवाद लिहिलेले नाहीत, समोरच्याचे वाक्य झेलून उत्तर तिथल्या तिथे द्यायचे, ही दशावताराची रीत ज्या जिल्ह्याने जपली, तिथे तरी असा खेळ परका ठरू नये.

मला अधिक मोलाची वाटतात ती त्याभोवती जमणारी माणसे. आमच्या गटात आयटीआयचा विद्यार्थी, औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी आणि बँकेतला कारकून एकत्र बसतात. एरवी त्यांची ओळखही झाली नसती. कथा महिनोनमहिने चालते, त्यामुळे कोणी आला नाही तर त्याची चौकशी होते. कोणते विषय खेळात आणायचे नाहीत हे आधीच सर्वांच्या संमतीने ठरते, आणि कोणाला अवघडल्यासारखे झाले तर प्रसंग तिथेच थांबवतात. नोकरीसाठी पुण्याला गेलेला एक जण अजूनही व्हिडिओ कॉलवर खेळतो आणि गणपतीला घरी आला की सर्वांसोबत बसतो.

खरी अडचण मुलींची होते. मुलामुलींनी कोणाच्या घरी चार तास बसायचे म्हटले की शेजारपाजारची कुजबुज सुरू होते आणि गटातून आधी मुलीच गळतात. हॉटेलात चहावर इतका वेळ कोणी बसू देत नाही. वाचनालयाची उघड्या दाराची, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेतली खोली म्हणूनच हवी आहे.

भीती वाटणारे आपण पहिले नाही. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी या खेळाकडे बोट दाखवले. त्यामागे खेळ नव्हता, हे पुढे कळले, परंतु संशय मात्र वर्षानुवर्षे टिकला.

नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे मूळ श्रेय देऊन त्याचा मराठी अनुवाद करता येतो. आमची मुले तो करायला उत्सुक आहेत आणि त्याची प्रत वाचनालयाला देणार आहेत. कोकणातील वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी महिन्यातून दोन रविवार दुपारी एक खोली द्यावी, एवढीच विनंती आहे. खेळ संपेपर्यंत एक पालक तिथे थांबेल आणि साफसफाईची व कुलुपाची जबाबदारी घेण्यास आम्ही पालक लेखी तयार आहोत.

– एक पालक, जि. सिंधुदुर्ग