‘कृतज्ञ’चं ‘कृतघ्न’ होऊ देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाचं नाव कृतज्ञ. पहिल्यांदा ऐकणारा हमखास परत विचारतो, काय म्हणलात, कृष्णा? कार्तिक? मग मी सावकाश सांगते, कृ-त-ज्ञ, तरी काहीजण म्हणतात अहो हे नाव कुठंय, हा तर आभार मानायचा शब्द आहे. बरोबर आहे, शब्दच आहे, तुमच्याच पेपरात आभाराच्या छोट्या जाहिरातीत छापून येतो. त्याच्या वर्गात तीन श्रेयस आहेत, दोन आदित्य आहेत, कृतज्ञ मात्र अख्ख्या शाळेत हा एकटाच, आणि आमच्या नात्यागोत्यात तर हे नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं.

पण काहीतरी हटके पाहिजे म्हणून हे नाव ठेवलेलं नाही. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरले नसतील. मांजरा धरण कोरडं ठक्क, नळ बंद, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली. मला नववा महिना लागलेला. सासूबाई पहाटेच टँकरच्या लाईनीत घागरी लावून बसायच्या, घरात आम्ही भाजी धुतलेलं पाणी बादलीत जपून ठेवायचो, त्यानं फरशी पुसायची आणि तेच पिळून संडासला वापरायचं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. सासरे स्टेशनकडं जाऊन लांबूनच हात जोडून आले. त्याच महिन्यात लेकरू झालं, त्याची पहिली अंघोळ टँकरच्या पाण्यानं झाली, त्या पाण्यात मिरजेचं किती आणि इकडचं किती हे कोण सांगणार, पण सासरे म्हणले पोराच्या अंगावर कृष्णा पडलीय, हे उपकार त्याच्या नावात राहू द्या. बारशाला आत्यानं कानात कुर्र करून तेच नाव सांगितलं.

आता खरी अडचण सांगते. या नावात कृ आहे आणि ज्ञ पण आहे, म्हणजे इंग्रजीत लिहिताना दोन्हीकडं खड्डा. आपण मराठी माणसं ज्ञ ला द्न्य म्हणतो म्हणून डी एन वाय ए लिहितो, जसं ज्ञानेश्वरचं लिहितो. हिंदीवाले ग्य म्हणतात म्हणून जी वाय ए, गुजरातीत ग्न म्हणून जी एन ए, आणि ज्ञानपीठ पुरस्काराचं स्पेलिंग बघा तर तिथं जे एन आहे, कारण संस्कृतात ज आणि ञ मिळून ज्ञ होतो. चारही आपापल्या जागी बरोबर. कृ चं पण तसंच, ज्या नदीच्या पाण्यावरून नाव ठेवलं त्या कृष्णेचं स्पेलिंग के आर आय, आणि आमच्या कृतज्ञचं के आर यू, कारण आपल्या तोंडात तो रु आहे. अक्षर एकच, स्पेलिंग दोन. मोठ्या माणसालासुद्धा हे समजावून सांगताना दमायला होतं, कॉम्प्युटरला तर काहीच सांगता येत नाही.

जन्माच्या दाखल्यावर आम्ही सांगितलं तसं आलं, के आर यू टी ए डी एन वाय ए. मग लहानपणी आधार काढलं तिथं केंद्रावरच्या मुलानं न विचारताच के आर आय आणि जी वाय ए टाकलं, त्याखाली मराठी आपोआप उमटलं ते कृताग्य. मी काउंटरवर म्हणलं, भाऊ हे चुकलंय, तो म्हणला मॅडम असंच लिहितात. मागं मोठी लाईन होती, कडेवर पोरगं रडत होतं, मी गप्प बसले, तिथंच चुकलं माझं. पुढं दुरुस्तीला गेलो तर जी काढून डी घातला पण आय तसाच राहिला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली आमची एक संधी अशी अर्ध्या दुरुस्तीत गेली. बँकेत खातं काढलं तिथं शेवटचा ए गळाला. आता शाळेच्या रजिस्टरला एक, आधारला दुसरं, पासबुकला तिसरं, त्यामुळं अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, निघत नाही, शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकला, आणि शाळेतून रोज मेसेज येतो की नाव मॅच करून आणा. मॅच कशाशी करायचं तेवढं कुणी सांगत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं पण गेल्या गॅदरिंगला त्याला धावण्यात दुसरा नंबर मिळाला आणि सर्टिफिकेटवर छापलेलं होतं, कृतघ्न. ज्ञ च्या जागी घ्न. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, टाईप करताना झालं असेल. पण त्यानं घरी येऊन शब्दकोशात बघितलं, उपकार विसरणारा, आणि ते सर्टिफिकेट गादीखाली ठेवून दिलं. मला चार दिवसांनी चादर बदलताना सापडलं. ज्या पोराचं नाव पाण्याच्या उपकारावरून ठेवलं त्याच्या हातात आपण हे दिलं.

लोक म्हणतात नावच बदला, सोपं ठेवा, राजपत्रात देऊन टाका की संपलं. मी बदलणार नाही. आपल्या मराठवाड्यात हे आधी पण झालंय. सासऱ्यांच्या वडलांचं नाव निजामाच्या काळातल्या दप्तरात उर्दूत आहे, उर्दूत र्‍हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळं तीन जणांनी ते नाव तीन तऱ्हेनं वाचलं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधताना गावोगाव उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली ती आपण बघितलीच. तेव्हा लिपी परकी होती म्हणून झालं, आज आपलीच लिपी असून आपलं नाव इंग्रजीवरून उलटं मराठीत आणायचं हे मला पटत नाही.

मागणी एवढीच आहे. जन्माची नोंद करताना देवनागरी नाव आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही आईबापाच्या हातानं फॉर्मवर लिहून घ्यावं, टाईप झालं की वाचून दाखवून सही घ्यावी आणि मगच सेव्ह करावं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळा प्रवेशापासून पुढं सगळीकडं जन्मदाखलाच चालणार आहे, म्हणजे तिथं चुकलं की पुढं सगळं चुकणार. आणि आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावापुढं आईचं नाव पण येतं, ते चांगलंच झालं, पण ज्ञानेश्वरी नावाची आई आणि ऋषीकेश नावाचा बाप असला तर त्या लेकराच्या कागदावर किती घोळ होतील. आधीच्या लेकरांसाठी मूळ देवनागरी नाव एक असेल तर डी एन वाय, जी वाय, जे एन, आणि आर यू, आर आय हे एकच धरून मॅच करावं. ज्ञ आणि ऋ असलेली नावं महाराष्ट्रात काय कमी आहेत का, यज्ञेश, प्रज्ञा, ऋतुजा, निवृत्ती, घरटी एक निघेल.

आमची आता एकच संधी उरलीय. परवा कृतज्ञनं स्वतः वहीचं पान फाडून त्यावर नाव लिहून दिलं, वर देवनागरीत आणि खाली इंग्रजीची नऊ अक्षरं, प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकोनात. सोमवारी केंद्रावर जाताना ते पान सोबत नेणार आहे.

आपली विश्वासू,
एक आई, लातूर