सुरक्षित म्हणजे नेमकं कशापासून?

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकातला सॉल्व्हंटवरचा (गोंद, रंग वगैरे विरघळवणाऱ्या द्रवांवरचा) लेख दोनदा वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण सोबतच्या तक्त्यात फ्लॅश पॉइंटचा (किती अंशांना वाफ पेटू शकते, तो आकडा; जितका कमी तितकी आगीची भीती जास्त) एकच रकाना पाहून राहवलं नाही. ट्रायक्लोरोइथिलीन सहजी पेट घेत नाही, म्हणून ते ‘तुलनेने सुरक्षित’? त्याने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) हे सॉल्व्हंटही सहज पेटत नाही, पण अंगात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

माझा धाकटा भाऊ रबाळ्याच्या एका युनिटमध्ये नऊ वर्षं गोंद लावायचा. आधी टोल्यूइनचा गोंद होता, वासाने डोकं धरायचं. मग हेक्झेनचा आला. वास कमी, वाळतोही लवकर. सुपरवायझर म्हणाला, “हा साधा आहे, घाबरू नका.” दीड वर्षाने घणसोली स्टेशनच्या जिन्यावर पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि त्याला कळलंच नाही. पुढे शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरांनी तीनदा साखर तपासली. काम काय करतोस, हे चौथ्या खेपेला विचारलं. हेक्झेनपासून यकृतात जे द्रव्य बनतं, ते हातापायांचे मज्जातंतू मारतं. काम सोडल्यावरही काही महिने त्रास वाढतच गेला. या दुखण्यात तसंच होतं. मालकाने नेमकं तेच धरलं: “इथून गेल्यावर वाढलं ना, मग आमचा काय संबंध?”

हेप्टेन नावाच्या सॉल्व्हंटने तेच काम होतं आणि नसांना धोका फार कमी. महाग पडतं, एवढंच. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४ अंश, म्हणून तुमच्या तक्त्यात तेही हेक्झेनच्या शेजारी लाल रंगात!

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना देणं बंधनकारक झालं. भावाच्या ड्रमवर नावाची चिठ्ठीसुद्धा नव्हती. तोंडाला धुळीचा मास्क दिलेला. वाफ त्यातून आरपार जाते.

आणखी एक. रात्री अकरानंतर एमआयडीसीच्या बाजूने वास येतो, आम्ही खिडक्या लावून झोपतो. त्यावर तुमच्या नवी मुंबई पानावर पावसाळ्यापासून एक ओळ नाही.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापा. नसा, यकृत, रक्त असे रकाने घाला, अक्षर मोठं ठेवा. भावाला तो कापून जुन्या सोबत्यांना द्यायचा आहे. ते अजून तोच गोंद लावतात.

– एक वाचक, घणसोली