कामगारांची देणी आणि चोवीस महिन्यांची अट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अनंत चतुर्दशी जवळ आली की कापड गिरण्यांच्या झांक्यांना, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांना, यंदा अनुदान किती, याची चर्चा इंदुरात सुरू होते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या सगळ्या गिरण्या कधीच्या बंद पडल्या. तरी जुने कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी काढून, महापालिका आणि विकास प्राधिकरणाच्या मदतीनं झांक्या काढतात. त्या निघाल्याच पाहिजेत. पण या कामगारांच्या घामाच्या पैशाबद्दल कायदा काय म्हणतो, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

मी बँकेत कर्जवसुलीचं काम केलं आहे. कंपनी बुडाली की यंत्रं आणि जमीन गहाण असलेली बँक रांगेत पहिली, असंच तिथे शिकवलं जाई. १९८५ साली कंपनी कायद्यात कलम ५२९-अ आलं आणि कामगारांची देणी बँकांच्या बरोबरीला बसली. फार मोठी गोष्ट होती ती. मात्र मालमत्ता विकल्याशिवाय हातात काही पडत नाही.

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली, ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं २००७ मध्ये त्यांचे २२९ कोटी ठरवून दिले. पुढे साडेबेचाळीस एकर जमीन राज्य सरकारची की महापालिकेची, या वादात वर्षं गेली आणि लिलावाला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी हाउसिंग बोर्डानं जमीन घेऊन पैसे भरले. २५ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते २२४ कोटींचा धनादेश निघाला. विधानसभेची निवडणूक नुकतीच झाली होती, लोकसभेची तोंडावर होती. ज्यांनी हे घडवलं त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण बत्तीस वर्षांत किती कामगार गेले! त्यांच्या बायकांना म्हातारपणी मृत्यूचे दाखले आणि वारसाचे कागद गोळा करत फिरावं लागलं. न्यायालयानं ठरवून दिलेली मजुरी सरकारच्या मर्जीची वाट पाहत राहते, हे मला मान्य नाही.

आता २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे. मुदती कडक आहेत, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या निधीला धनको हात लावू शकत नाहीत. हे चांगलंच झालं. पण कलम ५३ नुसार कंपनी अवसायनात निघण्याआधीच्या, म्हणजे ती गुंडाळून मालमत्ता विकायचा आदेश होण्याआधीच्या, चोवीस महिन्यांचीच कामगारांची देणी बँकांच्या बरोबरीला बसतात, बाकीची पार खाली घसरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. कारखाना आधी थंडावतो, पगार थकतात, मग दोन-तीन वर्षांनी अवसायनाचा आदेश येतो. तोवर खऱ्या कामाचे महिने या मुदतीतून निसटलेले असतात.

ही गणना अवसायनाच्या नव्हे, काम थांबल्याच्या तारखेपासून मागे व्हावी. आपल्या खासदारांनी ही दुरुस्ती संसदेत मांडावी अशी माझी मागणी आहे. कामगार संघटनांनीही पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत जाऊन ही अट मजुरांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावी. तिथे कंत्राटी मजूर पुष्कळ आहेत, अनेकांकडे पगाराची पावतीसुद्धा नसते. पावती नसेल तर दावा कशाच्या आधारावर करणार?

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
लोकमान्य नगर, इंदूर