पोरांनी जेवायचं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

धरमपेठेत, रामदासपेठेत दर महिन्याला एखादा नवीन कॅफे उघडतो आणि लोक म्हणतात नागपूर सुधरलं. सुधरलं असेल जी, माझी तक्रार कॅफेंबद्दल नाही, माझी मुलगीच तिथं बसून प्रोजेक्ट करते. पण एक व्हाईट सॉस पास्ता आणि एक कोल्ड कॉफी एवढ्यात बाहेरगावच्या पोराचा दोन-तीन दिवसांच्या जेवणाचा खर्च निघतो, आणि मेनू म्हणाल तर सगळीकडं तोच, पेरी पेरी फ्राईज, चीज मॅगी, फक्त भिंतीवरचा निऑन बोर्ड वेगळा.

व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजला व्हीआरसीई म्हणायचे (नाव 2002 मध्ये बदललं, जुने लोक अजूनही तेच म्हणतात) तेव्हा बजाजनगर, लक्ष्मीनगर, शंकरनगर या पट्ट्यातली पोरं मेसवर जगायची. मेस म्हणजे कोण्या काकूंच्या बंगल्याचा मागचा हॉल, महिन्याचे पैसे आगाऊ, पोळ्या पोटभर, वरण पातळ, आणि रविवारी रात्री सुट्टी. शहरातली अर्धी हॉटेलं त्या रविवारच्या रात्रीवरच चालत असावीत असं माझं मत आहे. खिशात पैसे असले की सदर भागातलं एखादं हॉटेल, मित्राचा बाप मनीऑर्डर पाठवून मोकळा झाला असला की इतवारी-महालकडं झणझणीत सावजी रस्सा, नाकातून पाणी गळेस्तोवर. काहीच नसलं तर आलुबोंडा आणि वरून तर्री, त्यावर संध्याकाळ निघून जायची.

या मेस काही कॅफेंनी बंद नाही पाडल्या. बंगले पाडून फ्लॅट स्कीम झाल्या, खाली पार्किंग आलं, आता काकूंनी पंचवीस पोरं बसवायची कुठं? काही जणी डबे देतात, पण डबा रूमवर एकट्यानं खायचा, आणि आज भाजी आवडली नाही की मोबाईल उघडून ऑर्डर. त्यात ॲपवालं कमिशन घेतं म्हणून तीच प्लेट दुकानापेक्षा ॲपवर महाग, वर डिलिव्हरी चार्ज, वर पाच टक्के जीएसटी, आणि बसायला टेबल नाही ते नाहीच.

राहिले ठेले. सकाळचे तर्री पोहे अजून टिकून आहेत, त्याबद्दल देवाचे आभार. फुटाळा तलाव झाला, आयटी पार्कचा रस्ता झाला, संध्याकाळी तिथं मोमो, डोसा, शोरमा सगळं मिळतं आणि कॉलेजच्या पोराला परवडतं. तिथली गर्दी, आडव्या लावलेल्या गाड्या, नाल्यात जाणारं खरकटं, हे सगळं खरं आहे आणि शेजारच्या लोकांचा वैताग मी समजू शकतो. पण कारवाई झाली की ठेले चार दिवस गायब आणि मग पुन्हा तिथंच, हे किती वर्षं चालणार राजे हो?

पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यात शहर विक्री समिती आहे, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असावेत असं लिहिलं आहे, विक्रीच्या जागा ठरवून द्यायच्या आहेत. मग मनपानं व्हीएनआयटी, एलआयटी, मेडिकल चौक, लॉ कॉलेज चौक अशा ठिकाणी नक्की जागा आखून द्यावी, तिथं नळ, भांडी धुवायची मोरी, कचऱ्याची गाडी आणि पोरांना टेकायला साधे बाक द्यावेत, भाडं घ्यावं, आणि भाजी-पोळी विकणाऱ्या बायांना त्यात आधी जागा द्यावी.

एक वाचक,
बजाजनगर, नागपूर